नाचवणारं व्हायोलिन

व्हायोलिनवादकाची स्तुती करायची झाली तर मराठी माणसाच्या तोंडी एकच वाक्य येतं : ‘काय वाजवलं हो, अगदी शब्द ऐकू आले!’ यापलीकडे शाबासकी नाही. प्रभाकर जोग यांच्या ‘गाणारं व्हायोलिन’वर आमच्या पिढीचा पिंड पोसला. पंडित डी. के. दातार किंवा डॉ. एन. राजम यांची मैफल ऐकून रात्री घरी परतताना आम्ही मित्र बोलायचो ते मींडेबद्दल, सुरांच्या लगावाबद्दल, गायकी अंगाबद्दल. व्हायोलिननं गायचं असतं हे मनात इतकं पक्कं बसलेलं होतं, की त्याला दुसरंही काही काम असू शकतं अशी शंकासुद्धा कधी आली नाही. मी स्वतः कॉलेजात असेपर्यंत सात वर्षं शिकलो, मग बँकेची नोकरी आणि बदल्या यांत वाद्य कपाटावर गेलं, आणि निवृत्तीनंतर खाली आलं. तेव्हाही मी पुन्हा गायलाच बसवलं त्याला.

हा समज मोडला तो साठी उलटल्यावर, आणि तोही परमुलखात.

मुलगा नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये लिमरिकला असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तीन महिने त्याच्याकडे होतो. लिमरिकला लागूनच क्लेअर परगणा आहे. आपल्याकडे मिरज-कोल्हापूरचं नाव घेतलं की जाणकार जसा सावरून बसतो, तसं आयरिश लोकसंगीतात क्लेअरचं आहे. तिथल्या एका खेड्यातल्या पबमध्ये बुधवारी रात्री गावकरी जमतात आणि फिडल, बासरी, कॉन्सर्टिना, जे ज्याला येतं ते घेऊन टेबलाभोवती बसून जुन्या चाली वाजवतात. तिकीट नाही, मंच नाही, माईक नाही. याला ते ‘सेशन’ म्हणतात. ‘आमचे बाबाही वाजवतात हं’ असं सूनबाईंनी कौतुकानं सांगून टाकलं, आणि पुढच्या बुधवारी मी केस घेऊन हजर झालो.

फिडल आणि व्हायोलिन ही दोन वाद्यं नव्हेत, हे आधी सांगितलं पाहिजे. लाकूड तेच, तारा त्याच चार, घोडी तीच. वाजवणारा बदलला की नाव बदलतं. मी एक जिग पुस्तकातून बसवून नेली होती. जिग म्हणजे सहा मात्रांची, तीन-तीनच्या दोन तुकड्यांची चाल. म्हणजे आपला दादराच की, असं म्हणून मी निर्धास्त होतो. माझी पाळी आली तेव्हा माझ्या परीनं जीव ओतला. मींड घेतली, लांब सुरांना कंप दिला, शेवट हळुवार सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयरिश माणूस पाहुण्याला नाराज करत नाही. शेजारी एक वृद्ध शेतकरी फिडल मांडीवर ठेवून बसले होते. ते वाकून म्हणाले, ‘‘तुमचं वाद्य फार गोड गातं. पण तुमच्या जिगवर नाचणाऱ्याला मध्येच खुर्ची शोधावी लागेल.’’

त्या एका वाक्यात सगळं होतं. या चाली ऐकण्यासाठी जन्मलेल्याच नाहीत. त्या नाचण्यासाठी आहेत. आयर्लंडच्या खेड्यात रात्रीच्या वेळी शेजारपाजार एखाद्याच्या स्वयंपाकघरात जमायचा. जमिनीला दगडी फरशी. चार जोड्या समोरासमोर उभ्या राहायच्या आणि पायांनी फरशी दणाणून सोडायच्या. (काही जुन्या घरांच्या फरशीखाली घोड्यांच्या कवट्या पुरलेल्या सापडल्या आहेत. पावलांचा आवाज घुमावा म्हणून त्या ठेवत, असं लोक सांगतात. गजाला घोड्याचे केस, तारांखाली घोडी आणि जमिनीखाली घोड्याचं डोकं!) या नाचाला साथ कोण करी? पुष्कळदा एकच माणूस, कोपऱ्यात बसलेला फिडलवाला. आज सेशनमध्ये डफासारखं ‘बौरान’ दिसतं, पण ते असं सर्रास दिसू लागलं १९६० नंतर. त्याआधी ठेका धरणारं दुसरं कोणीही नसलं तरी नाच व्हायचाच. सूर द्यायचे त्यानंच आणि ताल द्यायचा तोही त्यानंच.

आपल्याकडचा व्हायोलिनवादक या बाबतीत सुखी माणूस आहे. त्याच्या उजव्या-डाव्या हाताला तबलजी असतो. ठेक्याची जबाबदारी त्यानं पत्करलेली असल्यामुळे आपला वादक लयीशी खेळू शकतो, रेंगाळू शकतो, समेवर हसत परत येऊ शकतो. आपली बैठक पाहा. मांडी घालून बसायचं आणि वाद्याचं टोक पावलावर टेकवायचं. म्हणजे पायाला काम दिलेलं आहे, पण वाद्य सांभाळण्याचं. मात्रा धरण्याचं नव्हे. फिडलवाला खुर्चीवर बसतो, वाद्य खांद्याला लावतो आणि त्याचा पाय मोकळा राहतो. त्या पबमध्ये मी पहिल्यांदा हातांऐवजी पायांकडे पाहिलं. दहा-बारा बूट एकाच वेळी जमिनीवर पडत होते. मी वाजवत होतो तेव्हा ते थांबले होते, हे मला मागाहून आठवलं.

तारेनं ताल धरणं आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. पोवाड्यातलं तुणतुणं दुसरं काय करतं? पण तुणतुण्याला आपण वाद्यांच्या पंगतीत शेवटचं पान वाढलं.

त्या शेतकरीबुवांनी मला घरी बोलावलं. पंचाहत्तरी ओलांडलेले, गाई राखणारे, बोलायला काटकसरी गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी माझं व्हायोलिन केसमधून काढूच दिलं नाही. आधी चाल तोंडानं म्हणायला लावली. ‘डिडल-डी डिडल-डम’ अशा निरर्थक अक्षरांत चाल म्हणण्याची तिथे रीतच आहे, तिला लिल्टिंग म्हणतात. वाजवणारा कोणी हजर नसला तर नुसत्या लिल्टिंगवरही लोक नाचत. तबलजीचं पोर आधी बोल पाठ करतं, तसाच हा प्रकार. मुंबई-पुण्याकडचा साठीचा निवृत्त अधिकारी परक्या स्वयंपाकघरात ‘डिडल-डी’ करत बसलेला पाहून आमची मंडळी चहाचा कप घेऊन बाहेर गेली ती हसू आवरायला, हे मी ओळखलं.

पण तोंडानं म्हणताना माझी चूक मला कळली. जिगमधल्या तीन मात्रा सारख्या नाहीतच. पहिली लांब, दुसरी तोकडी आणि तिसरी पुढच्या पहिलीच्या अंगावर रेललेली. किती लांब आणि किती तोकडी? ते कागदावर उतरत नाही. कागदावर तिन्ही मात्रा शाळेच्या गणवेशातल्या मुलांसारख्या एकसारख्या उभ्या असतात. मी तशाच वाजवल्या होत्या. हा जो लयीतला हेलकावा, त्याच्यावरच नाचणाऱ्याचं पाऊल उचललं जातं. दादऱ्यातही असा हेलकावा असतोच, चांगला तबलजी तो देतो. म्हणूनच मला आजवर स्वतः द्यावा लागला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात डाव्या हाताला सुटी मिळाली. मोकळ्या तारेवर, बोट न लावता, फक्त गजानं जिग वाजवायची. सूर एकच, पण ऐकणाऱ्याला ही जिग आहे हे कळलं पाहिजे. सांगायला सोपं आहे. व्हायोलिन वाजवणाऱ्या कोणीही करून पाहावं. आपला गज किती मुका आहे हे पाच मिनिटांत कळतं. आपण सगळे डाव्या हाताची बोटं पाहतो, कारण सूर तिथे बनतात. उजवा हात म्हणजे आपल्या लेखी मजूर. इकडून तिकडे ओढत राहणारा.

इथे माझी बँकेतली नोकरी कामाला आली. गज खाली ओढला की खर्च, वर ढकलला की जमा. तीन सूर एका ओढीत जोडून वाजवले आणि चौथा सुटा वाजवला, तर तीन सुरांत मिळून जेवढा गज खर्ची पडला तेवढा सगळा एका सुरात परत आणावा लागतो. नाही आणला तर दोन ओळींत गजाचं टोक येतं आणि पुढे मोकळा हात. तेवढाच गज परत आणायचा म्हणजे त्या सुट्या सुरावर तो तिप्पट वेगानं फिरणार, आणि वेगानं फिरलेला गज ठसठशीत बोलणार. म्हणजे आघात देण्यासाठी वेगळा जोर लावायची गरजच नाही. गजाचा ताळेबंद जुळवताना तो आपसूक पडतो. कुठला सूर सुटा ठेवायचा हे वादकानं ठरवलं की आघात कुठे पडणार हे ठरलं. जिथे तो नको असेल तिथे हात हलका करायचा. पस्तीस वर्षं जमा-नावे करणाऱ्या माझ्यासारख्याला हे चटकन पटलं. हाताला पटायला मात्र महिना लागला.

खरी गंमत पुढे आहे. हा आघात ते समेवर देतातच असं नाही. रील हा प्रकार घ्या. चार-चारच्या गटांत धावणाऱ्या सुरांची ही चाल सगळ्यांत जास्त वाजवली जाते. तिच्यात एका गटाचा शेवटचा सूर पुढच्या गटाच्या पहिल्या सुराशी एकाच गजात बांधतात. म्हणजे गजाची दिशा ठोक्याच्या जरा आधीच बदलते आणि चाल पुढे कलते, उतारावर चालणाऱ्या माणसासारखी. ठोका पाय देतो. गज त्याला उत्तर देतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या वर्गात प्रत्येक मापाची पहिली मात्रा खाली ओढलेल्या गजानं वाजवण्याचा दंडक असतो. तो इथे लावला की रीलची कवायत होते. उत्तम तयारीचे शास्त्रीय वादकही या ठिकाणी अडखळतात ते त्यामुळेच. आणखी एक, पुरा गज वापरायचा नाही. मधल्या भागातला वीतभर पुरतो. लांब गज श्रीमंती दाखवतो, पण वळायला वेळ घेतो.

अलंकारांचंही तेच. चाल असते फार छोटी. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, मग आपल्या अंतऱ्यासारखा बहुधा वर चढणारा आठ मापांचा दुसरा भाग दोनदा. अर्ध्या-पाऊण मिनिटात बत्तीस मापं संपतात. मग तेच पुन्हा, आणि न थांबता दुसऱ्या चालीत प्रवेश. तेवढ्या जागेत शोभा आणायची तर अलंकार हवेतच. ‘रोल’मध्ये मूळ सुराभोवती वरचा आणि खालचा सूर क्षणभर शिवून जातात. ऐकलं की आपल्याला मुरकी आठवते. पण मुरकी सुराला सजवते आणि रोल लयीला. वरचं बोट तारेवर टेकतं न टेकतं तोच उठतं. त्याचा सूर ऐकू येण्याची अपेक्षाच नसते, फक्त एक टिचकी. सगळं काही बरोबर तीन छोट्या मात्रांत आटपलं पाहिजे. ‘ट्रेबल’ तर उघडउघड तबल्याचाच भाऊ. एकाच सुरावर मनगटानं गजाचे तीन झटके, ‘तकिट’ म्हणावं तसे. त्यात सुराची गोडी नसते, जरा खरखरच असते. मी ती खरखर काढून टाकण्याचा प्रयत्न केला तेव्हा बुवा म्हणाले, ‘‘राहू दे. जोड्यालाही टाच असते.’’

हे सगळं एकाच पद्धतीनं होतं असं समजू नये. उत्तरेकडे डॉनेगलमध्ये जवळजवळ प्रत्येक सुराला स्वतंत्र गज, त्यामुळे चाल कडकडीत वाजते. तिथले मजूर हंगामी कामाला स्कॉटलंडला जात आणि येताना तिकडची ढब घेऊन येत. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या श्लीव लूखरा भागात पोल्का आणि स्लाइड यांचं राज्य. तिथला पॉड्रिग ओ’कीफ (१८८७–१९६३) हा शाळामास्तर शाळा सोडून गावोगाव फिरत फिडल शिकवायचा. स्टाफ नोटेशनच्या पाच ओळींमधल्या चार जागा म्हणजे चार तारा आणि आकडे म्हणजे बोटं, अशी त्याची स्वतःची लिपी होती. आपल्याकडचे जुने पेटीमास्तर डोळ्यांपुढे येतात. क्लेअरच्या पूर्व भागात चाली सावकाश आणि जराशा उदास वाजतात. फीकल गावाजवळचे मार्टिन हेज हे त्या वळणाचे आजचे सर्वांत नामांकित वादक. त्यांची रील ऐकावी. सुरुवातीला वाटतं की ही चाल नाचाची कशी असेल? पण इतक्या संथ चालीतही तो हेलकावा जागच्या जागी असतो.

आणि स्लायगो. तिथला मायकल कोलमन (१८९१–१९४५) १९१४ साली अमेरिकेला गेला आणि १९२१ ते १९३६ या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या पत्रांबरोबर, सामानाबरोबर आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोचल्या. वादन असं तेजस्वी, की जो तो कोलमनसारखं वाजवू पाहू लागला. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याचा गज एकदम गावठी वाटायला लागला. कोलमनचा यात दोष नाही. पण किती खेड्यांची ढब त्या तबकड्यांखाली दबली याची मोजदाद नाही. पाठोपाठ १९३५ मध्ये सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा करणारा कायदा आला, आणि धर्मगुरू व पोलीस यांनी त्याच्या आधारे घरगुती नाचही बंद पाडले. नाच हॉलमध्ये गेला. एकटं फिडल हॉलला पुरेना म्हणून बँड आले. स्वयंपाकघरातला कोपरा रिकामा झाला.

चाली मात्र वाचल्या. त्या वाचवणाऱ्यांत एक तर चक्क पोलीस अधिकारी होता. कॉर्कमध्ये जन्मलेला फ्रान्सिस ओ’नील १९०१ ते १९०५ शिकागोचा पोलीसप्रमुख होता. स्थलांतरित आयरिश मंडळींकडून त्यानं चाली गोळा केल्या. १९०३ च्या संग्रहात १,८५० आणि १९०७ च्या नाचाच्या संग्रहात १,००१. आजही वादकांच्या घरी ही पुस्तकं असतात. माझी जिग मी अशाच एका पुस्तकातून उचलली होती. सूर सगळे बरोबर होते. कागदानं आपलं काम केलं होतं. उरलेलं काम माणसाकडून माणसाकडे जायचं असतं, आणि ते मी गाळलं होतं.

बुवांची खरी तक्रार वेगळी होती. हल्लीची तयार पोरं फार भरभर वाजवतात, असं ते म्हणत. बोटं त्यांच्या काळच्या वादकांपेक्षा चांगली, यात शंका नाही. ‘‘पण त्यांच्यासमोर कोणी नाचत नसतं. नाचणाऱ्याला पाय टेकायला जागा लागते. ती कोणी मागतच नाही, तर हे देतील कशाला?’’ वेगावर एवढा नेमका आक्षेप मी आपल्याकडच्या संगीतचर्चेतही ऐकलेला नाही.

परत आल्यावर मला आपल्याकडेही तेच दिसू लागलं. माझी अकरा वर्षांची नात पुण्यात व्हायोलिन शिकते. सूर तिचा माझ्यापेक्षा सच्चा आहे. सरावाला टॅब्लेटवरचा तबला असतो. तो कधी चुकत नाही, थकत नाही आणि तिच्याकडे पाहतही नाही. आईबाप विचारतात, यंदा कितवी परीक्षा? मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीची गाणी आता कार्यक्रमांत कीबोर्डवर ऐकू येतात. चाल तीच, पण पावलाची जागा इस्त्री करून सपाट केलेली. म्हणून यंदा सुटीत नातीला मी एकच धडा दिला : व्हायोलिन खाली ठेव, फुगडीचं गाणं म्हण आणि हॉलमध्ये त्याच्यावर चाल. मग तीच लय मोकळ्या तारेवर नुसत्या गजानं काढ. ‘‘आजोबा, यात सूर कुठेय?’’ असं तिनं विचारलं. चौथ्या दिवशी तिचा गज बोलायला लागला, आणि खालच्या मजल्यावरून फोन आला. माझं म्हणणं एवढंच आहे, की व्हायोलिनच्या प्रत्येक वर्गात पहिली दहा मिनिटं अशी जावीत. गाणं शिकवायला पुढची पन्नास आहेतच.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी बुवांचा निरोप घ्यायला गेलो होतो. त्यांच्या पत्नी शेगडीजवळ आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. तरुणपणी त्या परगण्यातल्या नावाजलेल्या नाचणाऱ्या. आता दोन्ही गुडघे गेलेले. तीन महिन्यांत त्यांनी माझ्या वाजवण्यावर एक शब्दही काढला नव्हता. मी तीच पहिली जिग वाजवायला घेतली. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा बुवांनी मला डोळ्यांनी खाली पाहायला खुणावलं. खुर्चीखाली बाईंची टाच हलत होती. एक माप, दोन मापं, तीन. मी तिच्याकडे पाहत राहिलो, तीन सूर ओढीत बांधले आणि चौथा सोडायचं विसरलो. गज टोकाला येऊन संपला. टाच थांबली. ‘‘पहिल्यापासून,’’ बाई मागे न वळता म्हणाल्या.